वस्तादाचा राखलेला डाव

१४४ आणि १४२. १९८३ सालच्या ५०० सीसी मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाचा सगळा हिशेब या दोन आकड्यांत येतो. शर्यती बारा झाल्या. सहा फ्रेडी स्पेन्सरने मारल्या, सहा केनी रॉबर्ट्सने. इटलीत इमोलाला शेवटच्या शर्यतीसाठी उतरताना रॉबर्ट्स पाच गुणांनी मागे होता. पहिल्याला १५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० असे गुण. म्हणजे नुसतं जिंकून भागणार नव्हतं. त्याच्याच संघातल्या एडी लॉसनने मध्ये शिरून स्पेन्सरला तिसऱ्या जागेवर ढकलायला हवं होतं. रॉबर्ट्सने शर्यत जिंकली. लॉसनच्या हाती स्पेन्सर लागला नाही.

त्या संघाचा व्यवस्थापक होता जाकोमो आगोस्तिनी. १५ जागतिक अजिंक्यपदं आणि ग्रां प्रीतले, म्हणजे या जागतिक मालिकेच्या शर्यतींतले, १२२ विजय ज्याच्या नावावर, तो माणूस त्या दिवशी पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या जागेच्या, कठड्याशी उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या मोजत होता. आणि ज्याच्या गाडीकडे तो बघत होता त्या रॉबर्ट्सची जागतिक मालिकेतली ही अखेरची मोहीम. पुढच्याच वर्षी तोही कठड्याच्या या बाजूला आला.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. पैलवान थकला की वस्ताद होतो. बीड-परभणीकडच्या कुठल्याही तालमीत जा, लाल मातीच्या कडेला एक जाडजूड म्हातारा बसलेला दिसेल. कान फुटलेले, गुडघे गेलेले, नजर मात्र पोरांच्या पायांवर. त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळेच सांगतात, की वस्ताद सगळं शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो. न जाणो, उद्या चेलाच अंगावर आला तर! रॉबर्ट्सची कारकीर्द बघताना ही म्हण वेगळीच दिसू लागते. त्याच्यापाशी राखलेला डाव होता, आणि तो द्यायची त्याला घाई होती. अडचण एवढीच, की तो डाव त्याच्या मनगटात आणि बुडाखाली होता. तिथून तो बाहेर काढून दुसऱ्याला द्यायचा कसा?

आधी तो डाव काय होता ते बघू.

रॉबर्ट्स कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोचा, जन्म १९५१चा. तो वाढला मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर. १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता होता, आणि त्या मालिकेचा बराचसा भाग मातीवरच होई. १९७८ला तो युरोपात आला, तेव्हा तिथले बहुतेक ट्रॅक त्याने पाहिलेलेही नव्हते. तरी पहिल्याच हंगामात ५०० सीसीचं अजिंक्यपद घेतलं. अमेरिकेला ते पहिल्यांदाच मिळालं. मग १९७९ आणि १९८०लाही. युरोपातले सवार वळणात गाडी गोलाकार, सफाईने काढत. रॉबर्ट्स मागचं चाक मुद्दाम सरकवायचा आणि ॲक्सिलेटरने गाडीचं तोंड फिरवायचा.

हे समजायला युरोपात जायची गरज नाही. शिवाराच्या रस्त्यावर नवा मुरूम पडला की हिंगोलीपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक मोटरसायकलवाल्याला हा धडा मिळतो. वळणात जरा पीळ जास्त दिला की मागचं चाक बाहेर जातं. घाबरून माणूस पहिली चूक करतो ती ॲक्सिलेटर एकदम सोडण्याची. चाक सरकतंय तोवर गाडी तिरकी चाललेली असते. पीळ सुटला की सरकणं थांबतं, टायर एकदम जमीन पकडतो, पण चाकाचं तोंड अजून तिरकंच असतं. मग गाडी झटक्यात सरळ होते आणि वरच्या माणसाला पलीकडच्या बाजूला भिरकावते. मुरमावर ताशी तीसच्या वेगात याची किंमत एक हिसका, फार तर खरचटलेलं कोपर. ५०० सीसी टू-स्ट्रोकवर, नक्षी नसलेल्या चिकट स्लिक टायरवर, याच प्रकाराने हाडं मोडतात. रॉबर्ट्सच्याच संघातला वेन रेनी १९८९ला स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला असाच उडाला, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद लॉसनकडे गेलं.

उपाय बोलायला सोपा. पीळ सोडायचा नाही, किंचित कमी करून धरून ठेवायचा, चाकाला हळूहळू पकड येऊ द्यायची. ‘किंचित’ म्हणजे किती, हे मात्र कुठल्याच पुस्तकात मावत नाही. राखलेला डाव म्हणतात तो हाच.

व्यवस्थापक झाल्यावर रॉबर्ट्सने त्यावर काढलेली तोड फार साधी होती. त्याने मोडेस्टोजवळच्या आपल्या रानात मातीचा छोटा ट्रॅक केला आणि जगज्जेत्या दर्जाच्या सवारांना होंडाच्या एक्सआर १०० या पोरासोरांच्या गाडीवर बसवलं. १०० सीसी, फोर-स्ट्रोक. ताकद आपल्या जुन्या सीडी १००च्या आसपास म्हणा ना. ५०० सीसीवर मागचं चाक ज्या वेगात सरकतं तिथे चुकीला माफी नाही. इथे ते सायकलच्या वेगात सरकतं, दिवसाला शेकडो वेळा सरकतं, आणि पडलं तर माणूस उठून हँडल सरळ करून पुन्हा बसतो. ताकद कमी असल्याने वेग एकदा गेला की लवकर परत येत नाही, म्हणून चूक लपत नाही. तोंडाने सांगून न येणारी गोष्ट त्याने शिकवायचंच सोडून दिलं आणि ती आपोआप येईल अशी जागा तयार केली. तालमीतला वस्तादही खरं तर हेच करतो. तो जोर-बैठका आणि लढती ठरवतो, डाव पोराच्या अंगात मातीच उतरवते.

१९८४ला त्याने २५० सीसीचा संघ उभा केला, सवारांत तरुण वेन रेनी होता. १९८६ला ५०० सीसीत यामाहाच्या गाड्यांसह उतरला. १९८८ला रेनी पुन्हा त्याच्याकडे आला. १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन अजिंक्यपदं रेनीने त्याच्या संघासाठी जिंकली. १९९०ला २५० सीसीचंही जॉन कोसिन्स्कीने आणलं. स्वतः तीन, चेल्याची तीन. आगोस्तिनीच्या संघानेही लॉसनकरवी १९८४, १९८६ आणि १९८८ अशी तीन मिळवली होती, पण त्यात आगोस्तिनीचा हात किती आणि लॉसनचा स्वतःचा थंडपणा किती, हे वेगळं काढणं अवघड. रॉबर्ट्सच्या बाबतीत मातीचा तो ट्रॅक डोळ्यांना दिसतो.

पण मातीतलं शिक्षण अर्धंच. उरलेलं काम भाषांतराचं असतं. सवार पिटमध्ये येतो, हेल्मेट काढतो आणि म्हणतो, “वळणातून निघताना पुढून हलकी लागतेय.” मेकॅनिकच्या हाती या वाक्याचा काही उपयोग नाही. त्याला मिलिमीटर, चकरीचे दात, जेटचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकाचा) नंबर हवा. जो कधी त्या वेगात बसलेलाच नाही असा व्यवस्थापक इथे नुसती मान डोलावतो. जो बसलाय तो विचारतो, पीळ देण्याआधी हलकी लागते की दिल्यावर? दिल्यावर लागत असेल तर वजन मागे जातंय, म्हणजे मागचा शॉकअप फार बसतोय. आधीच लागत असेल तर गोष्ट पुढच्या फोर्कची.

मागचं बसणं मोजायची रीत कुठल्याही गॅरेजात करून बघता येते. गाडी उचलून मागचं चाक मोकळं लोंबू द्यायचं. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावून माप घ्यायचं. मग गाडी खाली, सवार सगळ्या कपड्यांसकट वर, पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून धरलेलं. मागून दाबून हळू सोडायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. नंतर जरा वर उचलून हळू सोडायचं आणि तेच माप पुन्हा. या दोन्हींत थोडा फरक येतो, कारण सील आणि बुश अडतात; त्यांची सरासरी धरायची. पहिल्या मापातून ती वजा केली की सवाराच्या वजनाने गाडी किती बसते ते कळतं. रस्त्याच्या शर्यतीच्या गाडीला साधारण ३० ते ४० मिलिमीटर असतं. त्याहून जास्त बसली तर पीळ देताच पुढचं चाक हलकं होऊन वळण रुंदावतं. फारच कमी बसली तर खड्ड्यात मागचं चाक हवेत राहतं. आपल्याकडे गाडी बसते म्हटलं की शॉकअप कडक करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मोजत कुणीच नाही.

टू-स्ट्रोकचं दुसरं दुखणं हवेचं. आरएक्स १०० ज्यांनी जीव लावून सांभाळली त्यांना हे नव्याने सांगायला नको. मे महिन्यात पारा ४३च्या वर गेला की गाडी जडावते, प्लग काळा निघतो. गरम हवा विरळ. २५ अंशांच्या मानाने ४३ अंशांना ती साधारण सहा टक्क्यांनी हलकी. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण घट्ट होतं. शिवाय छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर, म्हणजे मुंबईत जेट बसवून आणलेली गाडी इथे मुळातच थोडी घट्ट चालणार. उपाय म्हणजे मेन जेट एक-दोन नंबर बारीक. धोका उलट्या बाजूने असतो. तोच बारीक जेट डिसेंबरच्या पहाटे ठेवला तर थंड, दाट हवेत पेट्रोल कमी पडतं. अशी गाडी सुरेख पळते, नेहमीपेक्षा जोरात पळते, आणि त्या जोरातच पिस्टनचा माथा तापून सिलिंडर पकडतो. गाडी फार छान चाललीय म्हणून आनंदलेल्या माणसाने टू-स्ट्रोकवर क्लचवर दोन बोटं ठेवावीत. मागचं चाक एकदम जाम झालंच तर क्लच दाबून ते मोकळं करायला तेवढाच क्षण मिळतो. ग्रां प्रीतले मेकॅनिक तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता लिहून ठेवत आणि सकाळच्या सरावाचा जेट दुपारच्या शर्यतीला तसाच वापरत नसत, ते यामुळेच.

चकऱ्यांचं गणित त्यामानाने सरळ. पुढे १५ आणि मागे ४० दात असतील तर मागचा एक दात बदलल्याने फरक अडीच टक्क्यांचा, पुढचा एक दात बदलल्याने जवळजवळ सात टक्क्यांचा. पुढची चकरी स्वस्त म्हणून लोक तीच बदलतात आणि मग पिकअप आलं पण गाडी ओरडते म्हणून तक्रार करतात.

आणि ब्रेक. रेनीने ५०० सीसीतला पहिला विजय १९८८ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला मिळवला, कार्बनच्या डिस्क लावून. कार्बन हलका असतो आणि तापला की लोखंडापेक्षा जबर चावतो. थंड असताना मात्र धरतच नाही. पहिल्या फेरीच्या पहिल्या वळणाला लिव्हर दाबावी आणि काहीच होऊ नये, अशी त्याची रीत. म्हणून सुरुवातीच्या फेरीत ब्रेक ओढून ओढून तापवावा लागतो, आणि पावसात त्या काळी तो काढून लोखंडी डिस्क लावत. अशी वस्तू सवाराच्या हाती द्यायची तर देणाऱ्याला ती भीती ठाऊक असावी लागते.

व्यवस्थापक म्हणून संघाचा कस लागला तो मात्र १९९३ला. त्या वर्षी यामाहाने कारखान्यातून नवी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पाठवली, आधीपेक्षा कडक. कागदावर कडक म्हणजे चांगली. पण गाडी वळणात ४५-५० अंश झुकली की शॉकअप आणि फोर्क कामाचे राहत नाहीत, कारण खड्डा वरून येतो आणि ते हलतात तिरक्या रेषेत. त्या क्षणी धक्का पोटात घ्यायचं काम चासीचं स्वतःचं, ती आडवी जरा लवावी लागते. नव्या चासीत ती लव नव्हती. चाक जमिनीवर टेकायच्या ऐवजी उड्या मारत होतं. खासगी संघांना यामाहाने १९९२पासून इंजिनं विकली होती आणि फ्रान्सची आरओसी ही कंपनी त्यांच्यासाठी चासी बनवत होती. हंगामाच्या मध्यात रेनी विकतच्या त्या चासीवर गेला. कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या संघाने कारखान्याचीच चासी बाजूला ठेवायची, याला नुसतं तांत्रिक ज्ञान पुरत नाही. जपानहून आलेल्या साहेबांसमोर उभं राहून ‘ही चालत नाही’ म्हणायला आपल्या नावावर तीन अजिंक्यपदं असलेली बरी पडतात. ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला रेनी जिंकला आणि इटलीतल्या मिसानोला पोचेपर्यंत गुणांत अकराने पुढे होता.

५ सप्टेंबर १९९३. मिसानोला रेनी सगळ्यांच्या पुढे असताना पहिल्या वळणावर पडला आणि पाठीचा कणा मोडला. छातीच्या मध्यापासून खालचं शरीर कायमचं गेलं. अजिंक्यपद प्रतिस्पर्धी केविन श्वांट्झला मिळालं.

यावर फार लिहू नये. पुढच्या हंगामात रेनी चाकाच्या खुर्चीत बसून यामाहाचा संघ चालवायला परत आला आणि १९९८पर्यंत त्याने तो चालवला. वस्तादाचा चेला वस्ताद झाला, पण वाट अशी असेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

रॉबर्ट्स १९९६नंतर यामाहापासून वेगळा झाला आणि स्वतःची गाडी बनवायला निघाला. ठिकाण निवडलं इंग्लंडमधलं बॅनबरी, कारण तिथल्या पंचक्रोशीत शर्यतीच्या मोटारींना भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं ठासून भरलेली. वाळूजला १९८५ला बजाजचा कारखाना आला आणि त्यामागे गल्लोगल्ली सीएनसीवाले, गिअरवाले, हीट ट्रीटमेंटवाले उभे राहिले, तसाच तो मुलूख. शर्यतीच्या गाडीला मोठा कारखाना लागतोच असं नाही. सोमवारी चित्र दिलं की गुरुवारी भाग हातात देणारा माणूस लागतो, आणि पहिला बिघडला तर न कुरकुरता दुसरा काढून देणारा. असे लोक मराठवाड्यात आज आहेत. त्यांच्याकडून एक्स्प्रेस हायवेवर चालणाऱ्या गाड्यांचे भाग तेवढे बनतात, ही गोष्ट वेगळी.

त्याची केआर३ ही तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक होती. चार सिलिंडरवाल्यांपेक्षा कमी सिलिंडरच्या गाडीला नियमाने वजनात सूट मिळे. विचार असा, की सरळ रस्त्यावर जे गमावलं ते हलकी गाडी वळणात वसूल करेल. एकट्याने फेरी मारताना हे खरंच जमत असे. शर्यतीत घोळ व्हायचा. जास्त ताकदीची गाडी सरळ रस्त्यावर पुढे निघून जाई आणि नेमकी वळणाच्या तोंडाशी आडवी येई. मग वळणातला वेग ठेवायला जागाच उरत नसे. शिवाय पहिल्या वर्षी इंजिनांनी फार सतावलं. २००२ला ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला जेरेमी मॅकविल्यम्सने याच गाडीवर फेरीच्या वेळेत ९९० सीसी फोर-स्ट्रोकवाल्यांना मागे टाकून शर्यत सुरू होतानाची सर्वांत पुढची जागा मिळवली. टू-स्ट्रोकची ती अखेरची. शर्यत त्याच्या हाती आली नाही.

या निवडीवर टीका करणं सोपं आहे, आणि ती करायलाच हवी. वळणातल्या वेगावर भरवसा ठेवून त्याने गाडी बनवली, कारण त्याचं स्वतःचं सगळं कसब वळणातलं होतं. विजेत्याला नेहमी वाटतं की आपल्यासारखा सवार मिळेल. त्याचा थोरला मुलगा, केनी ज्युनिअर, २०००ला ५०० सीसीचा जगज्जेता झाला, पण तो सुझुकीवर. बापाच्या गाडीवर परत आल्यावर २००६ला त्याने दोनदा तिसरा क्रमांक काढला आणि हंगामाअखेर सहावा आला. तेव्हा मात्र चासी रॉबर्ट्सची आणि इंजिन होंडाचं होतं. पुढच्या वर्षी इंजिनं ८०० सीसीची झाली, गाडी मागे पडली, पैसा आटला आणि २००७नंतर संघ बंद झाला.

सवाराशी शर्यतीत बोलायची एकच वाट होती, ती म्हणजे पाटी. क्रमांक, मागच्यापासूनचं अंतर, उरलेल्या फेऱ्या. ताशी २५०ने जाणारा माणूस सेकंदाला ७० मीटर पुढे सरकतो. पाटी वाचायला त्याला एक सेकंद मिळाला तरी पुष्कळ. त्यात काय लिहायचं हे कुणीही शिकतो. काय लिहायचं नाही, हे कळायला त्या गाडीवर बसून गेलेला माणूस लागतो. मागचा ०.३ सेकंदावर आलाय हे सवाराला आवाजावरूनच कळलेलं असतं. ते पाटीवर लिहून आणखी काय होणार?

जून २०२२, इंग्लंडमधलं गुडवूड. एकसष्ट वर्षांच्या रेनीला १९९२च्या त्याच लाल-पांढऱ्या यामाहावर बसवलं. पायाने पडणारे गिअर आता हँडलवरच्या बटणांनी पडत होते. पाय सुटू नयेत म्हणून बुटांची सोय केलेली. निघताना माणसांनी ढकलून सरळ धरलं, थांबताना धावत येऊन पकडलं. मधल्या रस्त्यापुरता तो एकटा होता. सोबतीला जुनी मंडळी आली होती. सत्तरीतला केनी रॉबर्ट्सही होता.